गायीच्या शेपटीपाशी अडलेली पाठवणी

"या वर्षी आठव्या वर्गातलं एकही मूल रडत बाहेर पडणार नाही! शब्द देतो!"

हार्म टोनकेन्स गुरुजी हे बोलले आणि शिक्षकांच्या खोलीत कॉफी ढवळणारे सगळे चमचे जागच्या जागी थांबले. धक्का वाक्याचा नव्हता, गुरुजी बोलले याचा होता. सभेत गुरुजी आजवर फक्त "दूध इकडे सरकवता का?" एवढंच बोलत आले होते, आणि तेसुद्धा दूध दुसऱ्या कोणाला नकोय ना याची खात्री करून. फळ्यावर तारीख लिहिली तरी दोन पावलं मागे सरून "बरोबर आहे ना रे?" असं वर्गाला विचारणारा हा माणूस! आणि त्याने शब्द दिला!

"हार्म, बरं वाटतंय ना तुम्हाला?" मुख्याध्यापिका अल्बर्डिनाबाईंनी काळजीने विचारलं.

"ठणठणीत आहे," गुरुजी म्हणाले आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

दोष एका ग्रंथाचा होता. नाताळच्या सुट्टीत गुरुजींनी उशीएवढा जाड ग्रंथ वाचून काढला होता. मुलांना एका शाळेतून दुसऱ्या शाळेत अलगद कसं पोचवावं, हा त्याचा विषय. काही तुटलं असं मुलाला वाटता कामा नये, एका हातातून दुसऱ्या हातात त्याला हळुवार सोपवावं, असं त्यात पानोपानी लिहिलं होतं. वाचता वाचता गुरुजींना घाम फुटला. कारण ओस्टरवेर्ड गावच्या या शाळेत मुलांना पुढे पोचवायची रीत अगदी सोपी होती. त्यांना दारातून बाहेर फेकत!

अगदी खरंखुरं फेकत. आठवा वर्ग म्हणजे लहान शाळेचं शेवटचं वर्ष. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी आईबाप आणि आजीआजोबा कॉफीचे पेले घेऊन अंगणात उभे राहत. दारात गुरुजी मुलाचे हात धरत, शिपाई रूल्फ पाय धरी, सगळं गाव "एक! दोन! तीन!" असा गजर करी आणि मूल पायरीपलीकडच्या गादीवर जाऊन धप्पकन आदळे. झाली लहान शाळा! मग उन्हाळ्याची सुट्टी, आणि ती संपली की सायकलवर टांग टाकून कालव्याच्या कडेने शहरातल्या मोठ्या शाळेत. गेल्या वर्षी एक मुलगा गादी चुकून गुलाबाच्या ताटव्यात पडला होता, आणि रूल्फ महिनाभर सगळ्यांना गुलाबांचीच हकिगत सांगत होता.

"म्हणजे फेकायचं नाही म्हणताय?" अल्बर्डिनाबाईंनी विचारलं.

"फेकायचं की! पण हळुवार. आणि गादीपाशी मोठ्या शाळेतले एक शिक्षक उभे राहतील. मूल उठलं की लगेच त्याचा हात हातात घेतील."

"हळुवार फेकायचं!" रूल्फ दाराशी उभा होता, तो म्हणाला. "मग बटाट्याचं पोतंही एकदा हळुवार फेकून दाखव मला."

रूल्फ नावाला शिपाई. खरं म्हणजे शाळा त्याचीच होती, बाकीचे सगळे तिथे त्याच्या परवानगीने शिकवत.

अडचण होती ती विट्स्केची. विट्स्के ही वर्गातली सगळ्यांत चणीने लहान मुलगी. मोठी शाळा बघायला सगळा वर्ग एक दिवस शहरात गेला, तेव्हा ही पोट धरून घरी बसली. नवं दप्तर आणलं, तर तिने त्यात मांजर झोपवलं. तिची आई हिल्ये हिने हात टेकले होते.

"गुरुजी, तुम्हीच काहीतरी करा हो! घरी विषय काढला की ही जिन्याखाली जाऊन बसते. सुट्टीनंतर हिला सायकलवर बांधून नेऊ का मी?"

गुरुजींनी मधल्या सुट्टीत विट्स्केला गाठलं. "गादी मऊ आहे बरं का. मुळीच लागत नाही."

"लागण्याचं काही नाही, गुरुजी."

"मग?"

"एकदा बाहेर फेकलं, की परत आत येता येत नाही ना?"

"येता येतं की! कधीही ये!"

"सगळे असंच म्हणतात," विट्स्के म्हणाली. "आपल्या वर्गातल्या मारिटची मोठी बहीण आली होती का परत? ती तर आता ओळखही दाखवत नाही."

यावर त्या ग्रंथात काहीच नव्हतं. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि दुसरा शब्द दिला. "तुला नको असेल तर तुला कोणी फेकणार नाही. तुझी तू, तुला वाटेल तेव्हा, तुला वाटेल तशी बाहेर जा. कोणी हातसुद्धा लावणार नाही. झालं?"

विट्स्केने हे जिवलग मैत्रिणीला सांगितलं. मैत्रिणीने आईला सांगितलं. आईने पालकांच्या मोबाइलवरच्या गटात लिहिलं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की टोनकेन्स गुरुजींनी फेकणं बंद केलं! दुसऱ्या दिवशी सकाळी यान्नेस बूलेन्स शेणाने माखलेल्या बुटांनिशी वर्गाच्या दारात उभा. यान्नेस गायी पाळायचा आणि जोडीला वाढदिवसांना मुलांना उड्या मारायला हवा भरलेले रबरी किल्ले भाड्याने द्यायचा. बोलायचा मात्र दोन्ही धंद्यांत सारखंच, वाऱ्यावर ओरडून.

"गुरुजी! याच दारातून मला फेकलं, माझ्या तिन्ही मोठ्या मुलींना फेकलं! आणि आता मारिटने काय चालत जायचं? टपाल टाकायला आल्यासारखं?"

"तसं नाही हो, मी फक्त एवढंच…"

"सभा घ्या!"

सभा झाली. कॉफी आली, प्रत्येकाला एकेक बिस्किट मिळालं, डबा बंद झाला आणि चर्चा सुरू झाली. प्रत्येकाला मत होतं आणि प्रत्येकाचं ऐकून घ्यावंच लागणार होतं. एक आजी म्हणाल्या, आमच्या वेळी कोणी फेकलं नाही म्हणून मीच अजून शाळेत असल्यासारखी वागते. एकजण म्हणाला, फेका, पण आवाज करू नका, माझं बाळ झोपलेलं असतं. शेवटी कोणाचंच पूर्ण समाधान होणार नाही असा तोडगा निघाला, आणि म्हणून तो सर्वांनी मान्य केला. फेकणं चालू, पण नेहमीच्या दुप्पट मऊ! विट्स्केने तिला वाटेल तसं जावं. आणि मऊपणाची जबाबदारी यान्नेसची.

"माझी नवी गाय आणतो!" यान्नेस गरजला. "हवेची! लोळणारी! एवढं मऊ पोट तुम्ही जन्मात पाहिलं नसेल!"

गुरुजींना शंका आली. ती विचारावी की नाही याचा ते विचार करत असतानाच सभा संपली.

शेवटच्या दिवशी सकाळी दारासमोर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, दोन मोटारींएवढी गाय पसरली होती. पोट नेमकं दाराकडे. मागे पंखा घुरघुरत होता. रूल्फ तिला थोपटून म्हणाला, "जरा ढिली वाटते. घट्ट भरली की लागणार नाही," आणि त्याने पंखा आणखी वाढवला. वाराही समुद्रावरून चांगलाच सुटला होता.

मोठ्या शाळेतून तरुण फान डाल्फसेन सर आले होते. ताडासारखे उंच, सायकलचं शिरस्त्राण अजून डोक्यावरच. गुरुजींनी त्यांना गायीच्या शेजारी उभं केलं. "मूल उठलं की हात पुढे करा."

"हात. समजलं," सर म्हणाले आणि त्यांनी हात आत्ताच पुढे करून ठेवला.

आत दारामागच्या छोट्या चौकात सगळा वर्ग उभा होता. चौकाच्या पलीकडे लांब व्हरांडा, पण तिथे रूल्फने लाल-पांढरी फीत आडवी लावली होती. सुट्टी लागणार म्हणून त्याने भल्या पहाटे व्हरांड्याला मेण दिलं होतं. ते वाळेपर्यंत तिकडे पाय टाकणाऱ्याला तो जिवंत सोडणार नव्हता, आणि हे त्याने अल्बर्डिनाबाईंनाही याच शब्दांत सांगितलं होतं. विट्स्के सगळ्यांच्या मागे, दप्तरं टांगायच्या खुंटीला धरून उभी होती.

पहिली मारिट. यान्नेसची लेक, अंगाने भरलेली, हसरी.

"एक! दोन! तीन!"

गुरुजींनी आणि रूल्फने सोडलं. मारिट सुरेख उडाली. गायीच्या पोटावर आपटली. पोट आत गेलं, आत गेलं, आणखी आत गेलं, आणि मग गायीने तिला परत पाठवलं! मारिट आली तशी दारातून आत शिरली, गुरुजींच्या पोटावर बसली, आणि दोघं फरशीवरून घसरत घसरत लाल-पांढऱ्या फितीला नाक टेकवून थांबली.

"मेण!!" रूल्फ किंचाळला.

अंगणात फान डाल्फसेन सरांचा हात अजून पुढेच होता.

"गुरुजी," मारिट धापा टाकत म्हणाली, "पुन्हा!"

झालं! मग काय विचारता! आता प्रत्येकाला फेकून घ्यायचं होतं, आणि प्रत्येकाला गायीने परत पाठवलं. कोणी डोक्यावर आलं, कोणी कुशीवर, एकजण तर चक्क उभा आला आणि "नमस्कार गुरुजी" म्हणून पुन्हा रांगेत लागला. गुरुजींचे खांदे गळून गेले. बाहेर आजीआजोबा टाळ्या वाजवून थकले.

"हार्म!" अंगणातून अल्बर्डिनाबाईंचा आवाज आला. "बाहेर किती मुलं आली?"

गुरुजींनी मोजल्यासारखी मान हलवली. "तूर्तास… कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे? अर्धा तास फेकताय तुम्ही!"

"फेकतोय खरं. पण ती राहत नाहीत बाहेर."

फान डाल्फसेन सर कर्तव्यदक्ष होते. आपण लांब उभे आहोत म्हणून मूल हाताला लागत नाही, असं त्यांना वाटलं. ते गायीच्या पोटापाशी सरकले. पुढचं मूल नेमकं त्यांच्या कमरेला येऊन धडकलं, दोघं मिळून पोटात गेले, आणि गायीने दोघांनाही लहान शाळेत आणून टाकलं! मोठ्या शाळेतले शिक्षक पायपुसण्यावर उताणे पडले.

"मी आत कसा आलो?" त्यांनी छताला विचारलं.

"इथून पुढची शाळा कुठे आहे ते आम्हालाही कळेनासं झालंय, सर," गुरुजी हताशपणे म्हणाले.

मग रूल्फने सूत्रं हाती घेतली. तो बाहेर धावला आणि त्याने पंखाच बंद केला. गाय मऊ पडली, हलकी झाली, आणि समुद्रावरच्या वाऱ्याने तिला अलगद उचललं. ती मागे वळली, डुलली आणि तिचं ढुंगण थेट शाळेच्या दारात येऊन बसलं.

"हवा भर! हवा भरली की उठेल ती!" यान्नेस ओरडला.

रूल्फने पंखा सुरू केला. गाय उठली नाही. गाय फुगली. दारात फुगली, चौकात फुगली, बाटलीत बूच बसावं तशी चपखल बसली. आतल्या खुंट्या झाकल्या गेल्या, शौचालयाचं दार झाकलं गेलं, दिवा झाकला गेला. पंखा पुन्हा बंद केला, तर त्याची नळी गायीच्या स्वतःच्याच वजनाखाली चेंगरलेली! हवा बाहेर येईना.

आत सगळा वर्ग, गुरुजी आणि मोठ्या शाळेचे सर. बाहेर सगळं गाव. मध्ये गाय.

"चाकू मारा तिला!" कोणीतरी सुचवलं.

"चाकू?" यान्नेसचा आवाज भिंतीतून आरपार आला. "डोकं फिरलंय का? शनिवारी हिला वाढदिवसाला जायचंय!"

"व्हरांड्यातून मागच्या दाराने या!" अल्बर्डिनाबाई ओरडल्या.

"खबरदार!" रूल्फ त्यांच्याहून मोठ्याने ओरडला. "हार्म, पाय टाकलास तर याद राख! एकेका पावलाचा ठसा मला वर्षभर बघावा लागेल!"

गुरुजींनी फितीकडे पाहिलं. त्या फितीपलीकडे पाऊल टाकायची त्यांची छाती नव्हती. खरं सांगायचं तर सरांचीही नव्हती. त्यांनी रूल्फला आजच पाहिलं होतं, तरी.

बाहेर लोकांनी गोल केला आणि सभा सुरू झाली. प्रत्येकाचं ऐकून घ्यायचं होतं. आत मुलांना कळून चुकलं की खेळ संपला. कोणाची मामाकडे जायची गाडी होती, कोणाची सुट्टीची बोट होती. "आपण आता कधीच बाहेर जाणार नाही?" एकाने विचारलं आणि त्याचा ओठ थरथरला. मग दुसऱ्याचा. मग मारिटने भोकाड पसरलं. बघता बघता आठवा वर्ग ओक्साबोक्शी रडू लागला. गुरुजी खिशातला एकुलता एक रुमाल फिरवत राहिले. मुलं शाळा सुटली म्हणून रडतील असं त्यांना वाटलं होतं. शाळा सुटेना म्हणून रडतील, हे कोणत्याही ग्रंथात नव्हतं!

"गुरुजी!" यान्नेसची आरोळी. "शेपटीखाली चेन आहे! ती ओढा, हवा सुटेल! शेपूट तुमच्या बाजूला आहे!"

गुरुजींनी पाहिलं. शेपूट खरंच होती, दाराच्या चौकटीत दाबलेली. शेपटीखाली हात घालायचा म्हणजे… वर्गासमोर… गुरुजी लाल झाले. तरी त्यांनी डोळे मिटून हात घातला. कोपरापर्यंत गेला आणि अडकला. सरांचा मनगटापर्यंतच गेला. मारिटचा दंड तर सुरुवातीलाच थांबला.

"बारीक हात पाहिजे," सर म्हणाले.

सगळ्या माना एकदम वळल्या. विट्स्के भिंतीला टेकून शांत उभी होती. त्या सगळ्या घोळात तीच एक रडत नव्हती.

"मी नाही उघडणार," ती म्हणाली. "उघडलं की सगळे जाल तुम्ही."

"विट्स्के! असं काय गं!" "ए, आमची बोट आहे!" "गुरुजी, सांगा ना तिला!"

"राणी, उघड गं!" बाहेरून हिल्येचा रडवेला आवाज आला. "हवं तर मोठी शाळा नको, काही नको, पण उघड!"

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. एक शब्द तर समोर ढसाढसा रडत उभाच होता. आता दुसराही मोडायचा?

"नाही," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज चिरकला. "तिला वाटेल तेव्हा, तिला वाटेल तशी. कोणी हात लावायचा नाही."

"गुरुजी!!" सगळा वर्ग ओरडला. बाहेरून यान्नेस काय ओरडला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फान डाल्फसेन सर बालवर्गाच्या बाकड्यावर बसले होते, गुडघे हनुवटीला लागले होते. विट्स्के त्यांच्याजवळ गेली. बराच वेळ तिने त्यांना निरखलं.

"तुमच्या शाळेची दारं बंद असतात का?"

"बंद? छे गं! सताड उघडी. आमचा वैताग वेगळाच आहे. मुलं दर तासाला बाहेर जातात, आत येतात, पुन्हा बाहेर जातात…"

"बाहेर गेलं की परत आत येता येतं?"

"यावंच लागतं! रोज! आम्ही तर ओढून आणतो त्यांना." सर कळवळून म्हणाले.

विट्स्के एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. मग तरातरा गेली, शेपटीखाली खांद्यापर्यंत हात घातला आणि चेन ओढली.

गायीने जो आवाज केला तो ओस्टरवेर्डमध्ये कोणीही आयुष्यात विसरणार नाही. लांबलचक, थरथरता, आणि शेवटी एक छोटासा प्रश्न विचारल्यासारखा. अंगणातल्या आजींनी कॉफी सांडली. गाय हळूहळू पसरली, सपाट झाली, उजेड आला, आणि तिच्या पाठीवरून, कोणी न फेकता, कोणी हात न लावता, आठव्या वर्गातली पहिली मुलगी धावत बाहेर पडली. विट्स्के! वाटेत कोणाकडे न पाहता ती अंगण ओलांडून सरळ समोरच्या बेकरीत शिरली. मागोमाग सगळा वर्ग हसतरडत बाहेर पडला. हिल्ये गुरुजींच्या गळ्यात पडली.

"गुरुजी! काय जादू केलीत हो!"

"छे छे, मी काय…" गुरुजी पुटपुटले. पण खरं सांगायचं तर त्यांना आतून फार बरं वाटलं. एवढ्या सगळ्यांनी आरडाओरडा केला, तरी आपण जबरदस्ती करू दिली नाही! सरही शिरस्त्राण सरळ करत जवळ आले. चेहरा उजळला होता. "तिला फक्त मोकळेपणानं दोन शब्द ऐकायचे होते," ते म्हणाले. "नेमके कधी आणि कसे बोलायचे, एवढं कळलं की झालं."

"तुम्ही फारच छान बोललात."

"तुम्ही फारच छान थांबलात."

दोघांनी एकमेकांचा हात हातात घेतला. त्या दिवशी सरांच्या हातात आलेला तो पहिलाच हात.

तेवढ्यात विट्स्के बेकरीतून परत आली. चेहरा निवांत, हातात लोणी लावलेल्या मनुकापावाचा तुकडा. गुरुजी तिच्यासमोर वाकले. खरं तर विचारू नये हे त्यांना कळत होतं. पण राहवलं नाही.

"विट्स्के, तू चेन उघडलीस ती… नेमकं काय पटलं तुला?"

"कशाबद्दल, गुरुजी?"

"म्हणजे सर जे म्हणाले… किंवा मी…"

विट्स्के पाव चावत राहिली. "मला शू लागली होती," ती म्हणाली. "गाय शौचालयाच्या दारावर बसली होती ना! आईने सकाळी धीर यावा म्हणून तीन पेले सरबत पाजलं होतं."

आणि ती मारिटच्या मागे पळाली.

गुरुजी सावकाश सरळ झाले. पाठ कडकडली. सरांनी ते बोलणं ऐकलं नव्हतं. त्यांनी खिशातून वही काढली होती आणि पेन्सिल सरसावून ते उत्सुकतेने बघत होते.

"गुरुजी, पुढच्या वर्षी आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या शाळांना मी ही पद्धत कळवणार आहे. सुरुवात नेमकी कुठून करायची, ते सांगा ना."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सरांकडे पाहिलं, सपाट झालेल्या गायीकडे पाहिलं.

"सकाळी," ते हळूच म्हणाले, "मुलांना भरपूर सरबत द्या."